गीताबाईंचा खांदा आणि सरांचा कापूस

आजच्या समारंभाचे अध्यक्ष, आपल्या रुग्णालयाच्या विश्वस्त मंडळाचे प्रमुख आदरणीय हिंमतराव शेळके, व्यासपीठावरील सन्माननीय पाहुणे, आमच्या सर्व सिस्टर, सकाळच्या एसटीने थेट बीबी गावाहून आलेले पेशंट आणि त्यांचे नातेवाईक, आणि ज्यांना आज निरोप देणं कुणाच्याच मनात नाही ते डॉ. नीळकंठ पांढरीपांडे सर, सर्वांना माझा नमस्कार.

सरांविषयी पाच मिनिटं बोला, असं मला सांगण्यात आलंय. छत्तीस वर्षांची सेवा पाच मिनिटांत कशी बसवायची? म्हणून मी एका खांद्याविषयीच बोलते.

चार वर्षांपूर्वी मी हाडांची शस्त्रक्रिया शिकून पुण्याहून इथे आले. खांद्याचं मोडलेलं हाड दोन बारीक छेदांतून धातूची पट्टी सरकवून बसवायचं, हे मी नवीनच शिकले होते. खरं सांगते, मी तेव्हा पेशंट निवडत नव्हते, शोधत होते.

अशात देऊळघाटच्या गीताबाई आल्या. भाजीच्या वाफ्यात घसरून उजव्या खांद्यावर पडलेल्या. शेजारणीचं ऑपरेशन त्यांनी पाहिलं होतं. म्हणाल्या, "मले बी बारीक छेदाचंच करा. मेथी तोडाले आली. टोपलं डोक्यावर चढवाले हात लागते ना मले."

मी सगळं तपासलं. हाड ठिसूळ नव्हतं, तुकडे थोडे, मार आदल्या दिवशीचाच. राहिली एक नस. ती नेमकी या बारीक छेदाच्या वाटेत असते आणि तिच्यावरच हात वर जाणं अवलंबून असतं. ती आधीच दुखावली असेल, तर खांद्याची बाहेरची कातडी बधिर होते. मी तिथे कापूस टेकवून विचारलं, समजतं का? "हाव." चार वेळा विचारलं, चारही वेळा "हाव." मी कागदावर 'योग्य' असं लिहून मोकळी झाले.

सर आले. खुर्ची ओढून बसले. आधी मेथीचीच चौकशी केली, चांगली दहा मिनिटं. मी मनातल्या मनात वैतागले होते, सर, आज कबूल करते. मग ते म्हणाले, "गीताबाई, डोये मिटा. कापूस लागला का?"

"हाव."

कापूस सरांच्या खिशात होता.

सर हसले. "लावलाच नाही, मंग हाव काऊन म्हणता?"

गीताबाई लाजल्या. "तुमी इचारून राह्यले सायेब, त मी नाई कशी म्हनू?"

मग सरांनी त्यांना सांगितलं, बोलू नका, समजेल तिथं डाव्या हाताचं बोट ठेवा. गळ्यावर बोट गेलं, कोपरावर गेलं. खांद्यावर सरांनी तीनदा कापूस फिरवला आणि बोट मांडीवरून हललंच नाही. त्या छेदातून मी त्यांचा हात कायमचा घालवून बसले असते.

बाहेर आल्यावर सर एवढंच म्हणाले, "स्वरदा, त्या उत्तर देत नव्हत्या, तुझा मान ठेवत होत्या." मी देऊळगाव राजाची. माझी आईसुद्धा डॉक्टरांना अशीच हो म्हणते. तरी मला ते दिसलं नव्हतं. सरांना ते दिसत होतं, हे आठवलं की आजही मी थक्क होते.

शस्त्रक्रिया समोरून, मोठ्या चिरेतून झाली, नसेपासून लांब. सरांनी ती मलाच करू दिली आणि स्वतः समोर उभे राहिले. नस जागी व्हायला सात महिने लागले. त्या वर्षीची मेथी जावांनी तोडली.

रुग्णालयाचे, आयोजकांचे आणि इतका वेळ शांत बसलेल्या आपणा सर्वांचे मी आभार मानते. बोलण्याच्या भरात कुणाचं नाव राहिलं असेल, काही कमी-जास्त झालं असेल, तर मोठ्या मनाने पदरात घ्या.

आता एकच काम उरलंय. सरांना हार गीताबाई घालणार आहेत. सकाळी मी त्यांना विचारलं, हात पूर्ण वर जातो ना? "हाव," म्हणाल्या. मी विश्वास ठेवला नाही, दाराच्या चौकटीला हात लावून दाखवायला सांगितलं.

या गीताबाई. आणि सर, एक विनंती. तुम्ही उंच आहात, पण कृपा करून वाकू नका.