नाश्त्याचं टेबल

सकाळची जपमाळ आटोपून मी घरपट्टी भरायला ओहायोतल्या आमच्या काउंटी कचेरीत रांगेत उभी होते. माझ्या पुढे दोघं होती. शाळांच्या आवारातला बर्फ उपसणारा कॅझिमिर आणि तुरुंगाला पाव पुरवणारी लोरेटा. शाळांचं टेंडर नुकतंच उघडलं होतं.

"सगळ्यात कमी दर माझा होता, लोरेटा. तरी काम गेलं कमिशनरच्या जावयाला."

"त्याच्याकडे बर्फ उपसायची गाडी आहे?"

"कुठली! माझीच भाड्याने मागतोय. बावीस हिवाळ्यांत एक दिवस शाळा अडू दिली नाही मी."

"कमिशनरच्या निवडणूक-निधीच्या पॅनकेक नाश्त्याला गेला होतास ना?"

"दरवर्षी जातो. दोन तिकिटं घेतो, माझं नि बायकोचं."

"दोन? अरे देवा! दोन तिकिटांवाला तिथे पॅनकेक खायला येतो, कॅझिमिर. मी अख्खं टेबल घेते. दहा खुर्च्या."

"दहा माणसं आणतेस कुठून?"

"आणायची कशाला? खुर्च्या रिकाम्याच असतात. टेबलावर बेकरीची पाटी दिसली की झालं."

"दर रविवारी चर्चमध्ये माझ्या शेजारी बसतेस. एकदा तरी सांगायचंस!"

"तुला सांगितलं असतं, तर तू छपरं बांधणाऱ्याला सांगितलं असतंस, त्यानं नळवाल्याला. सगळ्यांनीच टेबलं घेतली, तर माझ्या पाटीकडे बघणार कोण?"

खिडकीतून कॅझिमिरचं नाव पुकारलं. तो जागचा हलला नाही.

"पुढच्या वर्षीचं टेबल आत्ता मिळेल का गं?"

"मिळेल की. जावयाकडेच नाव नोंदवायचं असतं. गाडीची किल्ली द्यायला जाशील, तेव्हा विचार."