वाळूतला माग

त्र्याण्णव साली पनवेलच्या एका गॅरेजात ऐकलेलं. माझी स्कूटर तयार होती, पण घरी जायची घाई नव्हती. शेजारी उरणकडचे काशिराम आणि त्यांची बायको सोनाबाई बसले होते. वाळूवरून होड्या ओढायला त्यांनी जुन्या ट्रकला पुढचा एक्सल बसवून चारही चाकांना इंजिनाचा जोर मिळेल असं करून घेतलं होतं. तेव्हापासून स्टिअरिंग अडत होतं. मेकॅनिक युसूफ हात पुसत आला.

"काशिरामभाऊ, स्टिअरिंग दोनदा खोललं. आता पुढच्या-मागच्या चाकांना जोर वाटणारी ट्रान्सफर केस खोलतो. आठ दिवस द्या."

"उद्या होडी वर नाय काढली तर लाटांनी फुटंल, युसूफभाई."

"मी बोलू?"

"सोना, तुला गाडीतलं काय कलतं?"

"वालूतलं कलतं. गाडी वलताना मागच्या चाकांची नक्षी साफ उठते. पुढची घासत जाते. मागची चाकं पुढच्यांना ढकलतात."

युसूफने जॅक लावला, चाकांवर खडूची खूण केली आणि हाताने शाफ्ट फिरवून फेरे मोजले.

"एका चाकफेरीला शाफ्टचे फेरे पुढे पाच, मागे साडेचार. म्हणजे पुढची चाकं हळू फिरतात. केस ठीक आहे. एक्सल मीच विजोड बसवला. जोडीचा आहे माझ्याकडे, संध्याकाळपर्यंत बदलतो. भाभी, आधी का नाही बोललात?"

"पयल्याच दिवशी बोलले. यांनी सांगितलं, मासली बघ."

"सोना, उद्या गाडीत माझ्या बाजूला बस."

"नाय. मी खाली वालूत चालीन. माग कोण बघल?"