वीस मायक्रोग्रॅम आणि एक ठराव

...नाही, पण मला सांगा, पाठिंबा द्यायला मला बोलावलं होतं कुणी? कुणीच नाही! स्वतःच्या पायांनी गेले मी, इथे कोर्दोबाच्या विमानतळावर, गोदामाच्या फाटकासमोर! आमच्याकडे रीतच आहे, गोदामवाल्यांचा संप असला की प्रयोगशाळावाल्यांनी जायचं, घसा फोडायचा, चोरीपान, म्हणजे पावात घातलेलं भाजकं सॉसेज, खायचं, घरी यायचं. गेले, ओरडले, 'एकही खोकं हलू देणार नाही!' आणि तुम्हाला सांगते, घरी येऊन फोन बघते तर निरोप... तुमचं खोकं गोदामात पोचलं!

खोक्यात काय? एन्झाइम. वीस मायक्रोग्रॅम, डोळ्याला दिसणारसुद्धा नाही! माणसाच्या शरीरातलं, पण बनवलेलं जंतूंकडून. आपलं जनुक त्यांच्यात घालायचं आणि राबवायचं बिचाऱ्यांना, त्यांची कुठे युनियन आहे! हे ट्रिप्टोफॅन कुरतडतं, पेशींना लागणारं अमिनो आम्ल. कर्करोगाची गाठ याच्याच जोरावर आसपासचं ट्रिप्टोफॅन फस्त करते आणि आपल्या बचावाच्या पेशी बसतात उपाशी. आमच्या डोंगरातल्या पेपेरिनाच्या, म्हणजे पुदिन्यासारख्या रानझुडपाच्या, अर्काने याला लगाम बसतो का, एवढंच बघायचं होतं मला. चार वर्षं घातली हो त्यात! महिनाअखेर शिष्यवृत्ती संपते. निकाल दाखवला तर मुदतवाढ, नाहीतर झुलेमाबाई, बसा घरी! आणि या महाराजांना लागते उणे ऐंशीची थंडी, खोक्यात कोरडा बर्फ जेमतेम चार दिवसांचा... आणि तिकडे बर्फ उडतोय!

गेले धावत ओविदिओकडे. गोदामाच्या युनियनचा पुढारी, देवमाणूस. निवांत नळीने माते, म्हणजे आमचा तो कडू चहा, ओढत बसलेला.

'दादा, माझं खोकं...'

'अगं, काल तूच ओरडलीस ना, एकही हलणार नाही म्हणून? काय आवाज लावलास! आमच्या हिच्या अंगावर काटा आला.'

'दादा, ते बाकीच्यांच्या खोक्यांबद्दल हो!'

'बरं बरं, रडू नकोस. सभेपुढे ठेवतो.'

सभा! अडीच तास! एकजण देशातल्या विज्ञानावर बोलला, एकाला आपली मावशी आठवली, तो रडला, त्याला पाणी दिलं... आणि तिकडे बर्फ उडतोय! शेवटी ठराव झाला. एन्झाइमबद्दल संपूर्ण सहानुभूती, खोकं मात्र जागेवर. एकमताने! एकमताने म्हणजे... हो, माझाही हात वर गेला. सवय हो, दुसरं काय!

नवव्या दिवशी संप जिंकला. मिठ्या मारल्या सगळ्यांनी, खोकं हातात दिलं. हलकं लागलं. बर्फाचा खडासुद्धा नाही!

तरी लावला प्रयोग. आशा सुटते का? अर्क घातला... एन्झाइम गप्प! आमचे प्रयोगशाळाप्रमुख डॉक्टर रामिरो उडालेच, 'झुलेमा, जिंकलीस!' मग नुसतं पाणी घातलं... तरी गप्प. अहो, मेलेल्याला लगाम कसला घालता? थंड खोलीत जाऊन रडले मी, खोटं कशाला सांगू.

पण कंपनीवाल्यांना दया आली. दुसरी कुपी पाठवतो म्हणाले. सोमवारी उतरते, शुक्रवारपर्यंत निकाल द्यायचा. जमलं असतं हो!

तर काल ओविदिओचा फोन. 'झुलेमा, तुझं कळलं. आमच्यासाठी तू उभी राहिलीस, आम्ही विसरू? सभेत एकमत झालं. तुला मुदतवाढ मिळेपर्यंत... सोमवारपासून गोदाम बंद!'

माणूस रडत होता हो तिकडे.

'उपकार झाले दादा,' म्हटलं.