गाडी उशिरा वळते

वारलेल्या बाबांचा कॉम्प्युटर विकायला मी दुकानात उभी होते. माझ्यापुढे एक वडील आणि त्यांची मुलगी होती.

"हा वायरलेस अडॅप्टर बदला. कंट्रोलरवर मी वळवतो आणि गेममधली गाडी उशिरा वळते."

"बाबा, माझ्या हातात वेळेवर वळते."

"तू मलाही वळवतेस, गाडीचं काय!"

दुकानदाराने खेळून पाहिलं. गाडी झटकन वळली.

"अर्धांगाच्या झटक्यानंतर डॉक्टरांनी बाबांच्या अंगठ्याला हाच व्यायाम दिलाय," मुलगी हळूच त्याला म्हणाली.

"काका, अडॅप्टरच मंद आहे," दुकानदार म्हणाला. "हा कंट्रोलरच्याच कंपनीचा न्या."

"बघ! मी म्हणत नव्हतो?"

"आणि हाही मंद निघाला तर?" मुलीने विचारलं.

"महिन्याभरात बदलून देईन."

"महिना पुरे," वडील म्हणाले. "तोवर अंगठा सुधारेल."