व्हर्लिनचा पेला

...आणि एवढं करून विचारतात काय, तर ‘मारतो किती?’ अहो, पेला आहे तो. पेला कधी कुणाला मारतो का? पण ड्वेनने विचारलं, आणि तुम्हाला सांगतो, आमच्या व्हर्लिनचं तोंड एवढंसं झालं.

व्हर्लिन म्हणजे अमेरिकेतल्या थंडगार बेमिजी गावातला एकटा जीव, टपाल खात्यातून रिटायर, बायको कधीच सोडून गेलेली, आणि तळं गोठलं की इथे माणूस माणसाला दिसत नाही. रविवारची दुपार, तेवढीच काय ती त्याच्या तळघरात माणसांची. खेळ असतो ना. ड्वेन आणि मार्लिस, नवराबायको, यांनी शूर योद्धे व्हायचं, फासे टाकायचे, आणि बाकी सगळं, म्हणजे राजा, राक्षस, वादळ, दुकानदार, ते व्हर्लिनने व्हायचं. जादूच्या वस्तूही त्यानेच द्यायच्या. तयार मिळतात हो, खेळाच्या पुस्तकात ढिगाने आहेत, पेटती तलवार घ्या, उडता गालिचा घ्या, पण हा म्हणतो, आपल्या माणसांना आयतं कशाला द्यायचं?

तर आठवडाभर बसून घडवला पेला. त्यातून पाणी प्यायलं, की त्या घटकेला जो कुणी तुमची आठवण काढत असेल, त्याचा आवाज ऐकू येतो. मग याला काळजी, जादू फार जबर तर झाली नाही ना? म्हणून अट घातली, फाशावर सहा पडले तरच आवाज. आणि करून बघायला नको? घेतला घरातला कप, प्यायला पाणी, टाकला फासा... दोन. पुन्हा प्यायला. तीन. पोटाला तडस लागली तेव्हा कुठे सहा पडले. आणि हा बसून राहिला, बराच वेळ, कान देऊन. फ्रिज तेवढा घरघरत होता.

आणि रविवारी ड्वेन विचारतो, ‘मारतो किती?’

‘मारत नाही रे. आठवण काढणाऱ्याचा आवाज ऐकू येतो.’

ड्वेनने बटाटा-खिम्याच्या हॉटडिशचा घास गिळला. ‘म्हणजे माझी आई. ती रोज फोन करतेच की. विकून टाकू.’

आता विकायचा कुणाला? दुकानदाराला. दुकानदार कोण? व्हर्लिन. आपलीच वस्तू, घसा खरखरीत करून, ‘बोला ताई, काय द्यायचं?’ मार्लिसने तोंडाला येईल तो भाव मागितला आणि याने दिला, पेल्याची खरी किंमत त्यालाच ठाऊक ना. त्या पैशांत दोघांनी खेळातलीच एक होडी घेतली. ती गळकी निघाली. व्हर्लिननेच काढली गळकी. एवढा राग माणसाला यायचाच. मग दोघांनी कोट चढवले आणि गेली. याने भांडी विसळली.

आणि गुरुवारी, खेळाचा वार नाही काही नाही, फोन. मार्लिस.

‘व्हर्लिन, तुझाच विचार करत होते.’

याने खुर्ची ओढली. ‘माझा?’

‘म्हणजे त्या पेल्याचा रे. दुकानदाराकडे असेल का अजून?’

‘असेल ना. का गं, कुणाचा आवाज ऐकायचाय?’

‘छे. होडीतलं पाणी उपसायला हवाय. मारत नसला तरी चालेल.’

हा म्हणाला, दुकानदाराला विचारून सांगतो. पण मग ती बोलतच राहिली, सासूचे गुडघे, ड्वेनचा बर्फातून निसटलेला मासा, कुठलं कुठलं... आणि हा आपला हं, हं करत, रिसीव्हर दोन्ही हातांनी धरून.

फोन ठेवल्यावर व्हर्लिनने पेला फुकट देऊन टाकायचं ठरवलं. आणि होडीला आणखी एक भोक पाडलं.