बिनविहिरीचा सातबारा

सत्त्याण्णव, सोपान — अठ्ठ्याण्णव न्हाई. सत्त्याण्णवचा चैत, ज्वारीची खळी नुकती उरकली व्हती, आन् घोड नदीवरची पाण्याची मोटर चोरली म्हणून मला, ह्या सिद्दीकला, शिरूरच्या भर बाजारातनं उचललं. तू विसरलास, मी न्हाई. — उभाच राहा. सात वर्सांनी माझ्या उंबऱ्यावर आलास, आधी सांग, कुणी पाठवलं? मला उचलणाऱ्या त्या हवालदारानं? मग बांधाकडं सारखा काय बघतोस? कोण हाय तिथं? कुत्रं? बरं, कुत्रं.

तुझ्या पोराला, अंकुशला, दौंडात धरलं, साखरेच्या गोण्यांपायी. आन् त्यानं चोरी केली न्हाई म्हणतोस. म्हण की. मीबी म्हणत व्हतो — कोण ऐकत व्हतं? तू तर चहाच्या टपरीवर बसल्या-बसल्या पंच म्हणून सही ठोकलीस — मोटर सिद्दीकच्या विहिरीतनं निघाली, माझ्या डोळ्यांदेखत! माझ्या रानात विहीर हाय व्हय रं? कोर्टानं दिलेल्या वकिलानं तुला एवढंच इचारलं — विहीर कुठल्या अंगाला? — तवा तू छताकडं बघितलंस. सगळं कोर्ट हसलं. मी न्हाई हसलो.

आता ऐक. धरल्यापासनं चोवीस तासांच्या आत कोर्टातल्या साहेबापुढं उभा करावाच लागतो. केला? कालच? मग बरं. का धरलं ते सांगावं लागतं. वकिलाला पैसा नसंल तर कोर्टाकडं वकील मागायचा — भीक न्हाई ती, हक्क हाय. आन् पोलिसापुढं कबूल केलं म्हणून कोर्ट ते धरत न्हाई. मला हे शेवटचं ठाऊक नव्हतं, म्हणून तिथं मार खाऊन मी... ते जाऊ दे.

जामीन? माझ्याकडं? तुझे सोयरे मेले काय? — साळूनं पाठवलं? खोटं बोलू नगंस. काय म्हणाली ती? भाकरीचं काढलं? न्हाई? कुठली भाकरी म्हणून मलाच इचारतोस? — तू सही करून मोकळा झालास, आन् तुझी बायको पदराखाली भाकरी झाकून रोज माझ्या कोठडीच्या दाराशी. ठेचा असा जाळ, की डोळ्यांतनं पाणी — ठेच्यानंच, दुसरं काय न्हाई. तोंड मिट. म्हंजी तुला इतकी वर्सं बोललीच न्हाई ती.

हुसेनबी, टोपी दे माझी. आन् जामिनाला सातबारा — बिनविहिरीचा.

चल दौंडला. अंकुश सुटला, की साळूची भाकरी फिटली. यष्टीत माझ्या शेजारी बसू नगंस.