डी जिल्ह्याचं पाणी

...तर मग मला सांगा, रेघ मागं रेलली काय आणि पुढं वाकली काय, गाव तेच ना? खडकवाडी ती खडकवाडीच ना? विहीर जागेवर, टँकर विहिरीवर, टँकरपुढं आमचा मेहुणा व्यंकट छाती काढून उभा, त्याचा फोटो काढलेला, फोटो कॉम्प्युटरात घातलेला, आणि कॉम्प्युटर म्हणतो, टँकर आलाच नाही. का? तर म्हणे रेघ उलटी. एक तिरकी रेघ, दुसरं काही नाही.

तुम्ही हसताय. हसा. पण तुम्हाला सांगतो, दुष्काळ सगळ्यांनी पाहिला, रेघेला अडकलेला टँकर मात्र मी एकट्यानं पाहिला, कारण प्रोग्राम माझा होता. मी नरसिंग, नांदेडला असतो, सॉफ्टवेअरची कामं करतो, म्हणजे प्रिंटर चालेना झाला की लोक मला बोलावतात. लातूरला रेल्वेनं पाणी आलं ना, ते साल. त्या साली नांदेड-लातूरच्या गावोगावच्या टँकरवर नजर ठेवायचा प्रोग्राम आमच्या गळ्यात पडला. काम साधं. टँकर विहिरीत रिता झाला की गावातल्या कुणी तरी त्याच्याजवळ उभं राहून फोटो काढून घ्यायचा, तो फोटो नांदेडच्या मोठ्या कॉम्प्युटरवर, म्हणजे सर्व्हरवर यायचा, आपल्या गावाच्या नावाच्या फोल्डरात जाऊन बसायचा, आणि प्रोग्रामला तो तिथं दिसला की गावाची पुढची खेप सुटायची. फोटो नाही तर खेप नाही. बरोबर आहे की नाही? नाही तर टँकर निघायचा गावाला आणि पाणी उतरायचं कुणाच्या तरी डाळिंबाला.

आता फोल्डर म्हणजे काय, तर पत्ता. आपण पत्ता कसा लिहितो? मुक्काम, पोस्ट, तालुका, जिल्हा. आधी घर, मग सरकार. कॉम्प्युटरचं उलटं, त्याचं आधी सरकार. आधी जिल्हा, मग तालुका, मग गाव, आणि सगळ्यांच्या पोटात आमच्या व्यंकटचा फोटो. दोन नावांच्या मध्ये एक तिरकी रेघ. इथवर सगळ्या कॉम्प्युटरांचं एकमत आहे. भांडण पुढं. विंडोजवाल्यांची रेघ मागं रेलते, जेवण झाल्यावर लोडाला टेकलेल्या पाहुण्यासारखी. लिनक्सवाल्यांची पुढं वाकते, डोक्यावर घागर घेऊन चढण चढणाऱ्या बाईसारखी. बरं, दोघांनी एकमेकांना समजून घ्यावं की नाही? नाव नको. आमचा सर्व्हर लिनक्स. त्याला ती मागं रेललेली रेघ म्हणजे रेघच वाटत नाही, अक्षर वाटतं. जिल्हा, तालुका, गाव असा अख्खा पत्ता घेऊन फोटो दारात उभा राहिला की हा म्हणतो, अरे वा, केवढं लांबलचक नाव आहे या फोटोचं... आणि दारातच ठेवून देतो. आत नेतच नाही. गावाचं फोल्डर आत रिकामं, आणि गाव उंबऱ्याबाहेर उभं.

बाकीच्या गावांचे फोटो फोनवरून थेट यायचे, त्यांना काही त्रास नाही. पण लातूर जिल्ह्यात, मुरुडच्या बाजूच्या आमच्या त्या टापूत बोलण्यापुरती रेंज असते, फोटो जाण्याइतकी नाही. म्हणून तिथल्या एका ऑफिसात भीमा नावाचा ऑपरेटर होता, तो सगळ्यांचे फोटो आपल्या विंडोजच्या कॉम्प्युटरवर उतरवून घ्यायचा, गावागावाची फोल्डरं लावायचा आणि संध्याकाळी गठ्ठ्यानं नांदेडला पाठवायचा. फार व्यवस्थित माणूस. जगातले निम्मे घोटाळे व्यवस्थित माणसांमुळं होतात, अव्यवस्थित माणूस एवढं काम करतच नाही.

झालं. त्या टापूतल्या गावांच्या खेपा थांबल्या. एक तिरकी रेघ, दुसरं काही नाही.

आता खडकवाडी म्हणजे माझी सासुरवाडी. तिथं सासूबाई असतात, साखराबाई. दर रविवारी सकाळी मी त्यांना फोन करतो. पूर्वी माझी बायको सिंधू करायची, तासभर चालायचा, मी शेजारी पेपर वाचत असायचो. सिंधू गेल्यापासून मी करतो. आता जावयानं सासूशी काय बोलायचं? त्यांनाही सुचत नाही. म्हणून मी विचारतो, पाणी आलं का. त्या म्हणतात, आलं. मी म्हणतो, बरं. त्या म्हणतात, जेवलाव का. मी म्हणतो, हो. एवढंच. पण एवढं तरी होतं. आणि त्या रविवारी मी विचारलं, पाणी आलं का, तर म्हणाल्या, "न्हाई आलं." आता पुढं काय म्हणायचं? मला पुढचं येतच नव्हतं.

तेवढ्यात व्यंकटनं फोन ओढून घेतला. "दाजी, ही काय तऱ्हा हाय? फोटोत मी सोता हाय की. पांढरा सदरा घातलाय, भांग पाडलाय. आता काय आधार कार्ड धरून उभारू का टँकरपुढं?" मी म्हणालो, व्यंकट, फोटो आलाय पण पोचला नाही. तो म्हणाला, "तुमचं पुस्तकी बोलणं ऱ्हाऊ द्या. आई रोज दुसऱ्याच्या दारात कळशी घिऊन बसतीय, तिला सांगा हे."

मी गेलो विरूपाक्ष साहेबांकडं. दोन्ही जिल्ह्यांचे टँकर सोडणं यांच्या हातात. मी म्हणालो, साहेब, टँकर गेला होता, सासूबाईंनी स्वतः पाणी भरलंय. ते म्हणाले, "नरसिंगराव, सिस्टीम म्हणते खेप झाली नाही. सिस्टीमपेक्षा तुमच्या सासूबाई मोठ्या आहेत का?" आता मराठवाड्यातल्या कुठल्याही जावयाला हा प्रश्न विचारून बघा.

आमचा सर्व्हर सांभाळते पंचशीला. शेजारच्याच टेबलावर बसते. तिनं माझ्या प्रोग्रामकडं एकदा बघितलं, माझ्याकडं एकदा बघितलं. "सर, पत्ता हातानं तोडून राहिले का तुम्ही?" म्हणालो, हो. "त्याला तयार लायब्ररी असते सर. कोणत्या मशीनची कोणती रेघ ते तीच बघते." लायब्ररी म्हणजे दुसऱ्या कुणी आधीच लिहून ठेवलेला प्रोग्राम. म्हणालो, पंचशीला, आमची पिढी रेघा हातानंच मारायला शिकली. "हाव, दिसून राहिलं," म्हणाली.

पण सासूबाई कळशी घेऊन बसलेल्या, लायब्ररी कुठं वाचत बसता? मी एक ओळ लिहिली. मागं रेललेली रेघ दिसली की तिला पुढं वाकव. बस. लोडाला टेकलेल्या सगळ्या पाहुण्यांच्या डोक्यावर एकेक घागर दिली आणि म्हणालो, चला. आणि चालले की हो. फोटो दारातून आत गेले, फोल्डरात बसले, खेप सुटली. रविवारी सासूबाई म्हणाल्या, आलं. मी म्हणालो, बरं. सगळं जागच्या जागी आलं.

आलं असं मला वाटलं.

कारण विंडोजच्या पत्त्यात जिल्ह्याच्याही आधी एक गोष्ट असते. कप्पा. सी नावाचा एक कप्पा, डी नावाचा एक कप्पा. भीमाचा सी गाण्यांनी भरला होता, म्हणून टँकरची फोल्डरं डी मध्ये. आणि माझा प्रोग्राम काय समजायचा? पत्त्यातलं पहिलं नाव म्हणजे जिल्हा. दुसऱ्या दिवशी साहेबांच्या टेबलावर रिपोर्ट गेला. जिल्हे कोणते? नांदेड, लातूर, डी.

आता हे पुण्यात झालं असतं तर त्यांनी मला बोलावून विचारलं असतं, हे डी काय आहे. इथं कुणी विचारलं नाही. इथं त्या दिवसांत नव्या जिल्ह्याची हवा होती. उदगीरवाले म्हणत होते आमचा होणार, किनवटवाले म्हणत होते आमचा, ज्याच्या गावात एसटी थांबत नव्हती तोसुद्धा मुख्यालयाच्या जागेबद्दल बोलत होता. साहेबांनी मला आत घेतलं. दार लावलं. आवाज उतरवून म्हणाले, "वरून आलं ना? मला अंदाज होताच. नाव जाहीर व्हायचंय म्हणून नुसतं अक्षर ठेवलंय." म्हणालो, साहेब, तो नुसता कप्पा आहे. "हो ना," म्हणाले, "कप्पे पाडल्याशिवाय कारभार होतो का?" म्हणालो, तसं नाही साहेब, भीमाच्या कॉम्प्युटरवर... "नावं घेऊ नका. मला कळलं."

आणि हुकूम काढला. नव्या जिल्ह्याची सुरुवात पाण्यावाचून नको. राखीव टँकर सगळे डीकडं.

मी काय करायचं होतं? तुम्हीच सांगा. मी सांगायला गेलो होतो की नाही? दार त्यांनी लावलं, मी नाही.

त्या रविवारी सासूबाईंनी फोन पहिल्या रिंगला उचलला. मी पाणी आलं का विचारायच्या आत म्हणाल्या, "जावई, टँकर मागं टँकर लागलेत. म्हशीला आंगुळ घातली. शेजारणीला पाणी दिलं. दोर सोडायला जागा न्हाई, हीर भरलीय." मी म्हणालो, बरं.   मग म्हणाल्या, "शिंदूनं लावलेला कढीपत्ता वाळून चालला व्हता. त्याला घातलं आज." आम्ही दोघांनी इतक्या दिवसांत पहिल्यांदा तिचं नाव घेतलं होतं. म्हणजे त्यांनी घेतलं, मी ऐकलं. मग जेवलाव का विचारलं, आणि त्या दिवशी तो फोन बराच चालला. कढीपत्ता कुठून आणला होता, किती हट्टानं लावला होता... असंच काहीबाही.

अशा माणसानं सोमवारी ऑफिसात जाऊन ती चूक दुरुस्त करायची? एक तिरकी रेघ, दुसरं काही नाही, राहू दे की आणखी थोडे दिवस.

राहू दिली.

मग पंचशीला आली. "सर, हे डी कुठं आलं?" म्हणालो, का गं? "नायगावकडं माझी चांगुणाआत्या राहते. त्यांच्या गावात टँकर येणं बंद झालं. सगळे राखीव टँकर डीला गेलेत म्हणे. नकाशात बघितलं, सापडलं नाही." म्हणालो, मुरुडच्या बाजूला आहे. "मग ते लातूरमध्येच हाय की." म्हणालो, आहे. "मग?" आता काय सांगणार? म्हणालो, तिथं माझ्या सासूबाई राहतात.

 ती भांडली असती तर बरं झालं असतं, मी वाद घातला असता. तिनं नुसती खुर्ची ओढली, शेजारी बसली, आणि कीबोर्ड माझ्याकडं सरकवला.

मग केलं नीट. तिच्या त्या लायब्ररीनं. आधी कप्पा काढून बाजूला ठेवायचा, मग रेघ रेललेली असो की वाकलेली, नावं सुटी करायची, मग ज्या मशीनवर आहोत तिच्या रीतीनं पुन्हा जोडायची. चहा गार व्हायच्या आत काम झालं, आणि तेवढ्यात एक अख्खा जिल्हा गेला. खडकवाडी लातुरात आली, नायगावचा टँकर नायगावला गेला.

साहेबांनी पुन्हा आत बोलावलं. पुन्हा दार लावलं. रिपोर्टवर बोट ठेवून म्हणाले, "काढला?" म्हणालो, काढला साहेब. रिपोर्ट उलटा करून ठेवला. "राजकारण," म्हणाले. म्हणालो, हो साहेब. दुसरं काय म्हणणार? एक तिरकी रेघ म्हणू?

रविवारी फोन लावला. पाणी आलं का? "येतंय," म्हणाल्या. "पयल्यासारकं. आज हाय तर उद्या न्हाई." मी म्हणालो, बरं. वाटलं आता जेवलाव का विचारतील आणि ठेवतील. पण नाही.

"जावई," म्हणाल्या, "व्यंकट म्हनत व्हता, आमचं गाव मदी दुसऱ्या जिल्ह्यात गेलं व्हतं म्हनं?"

म्हणालो, हो, गेलं होतं थोडे दिवस.

"तितंच ऱ्हाऊ द्यायचं व्हतं बगा. लई चांगली मान्सं व्हती तिकडली."

आता त्या अख्ख्या जिल्ह्यात माणूस असा मी एकटाच होतो, हे मी त्यांना कोणत्या तोंडानं सांगू? म्हणालो, बरं.